हिरड्याला आमंत्रण

“लागत नाही म्हणजे काय रे, वामना? हात सापडत नाही, की नाडी?”

वामनराव वैद्यांनी मान खाली घातली.

“ठोके लागतात, गुरुजी. घड्याळासारखे. त्यापलीकडे काही कळत नाही.”

“कधीपासून?”

“बरेच महिने झाले.”

“आणि रोगी?”

“येतात. बाहेर बाकावर जागा पुरत नाही.”

“मग त्यांना सांगतोस काय?”

“जीभ बघतो. डोळे बघतो. झोप, भूक विचारतो. आणि मग... अंदाजानं.”

“मनगटावर बोटं ठेवून?”

“ठेवावीच लागतात. लोक त्याचसाठी येतात.”

मग वामनरावांनाच राहवलं नाही.

“परवा एका मुलीला आम्लपित्त सांगितलं. पुड्या बांधून दिल्या. तिला दिवस गेले होते.”

गुरुजींच्या अंगावरची घोंगडी हलली. ते हसत होते.

“हसण्यावारी गेलं ते, गुरुजी. तिची सासूसुद्धा हसली. पण पुढच्या वेळी जाणार नाही. एखाद्याचा जीव माझ्या बोटांखालून निघून जाईल, आणि मला पत्ता लागणार नाही.”

गुरुजींचं हसू थांबलं.

गुरुजी म्हणजे त्र्यंबकशास्त्री. घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावाबाहेर, देवराईला लागून त्यांची झोपडी होती. एके काळी तिच्या पडवीत चार-पाच शिष्य वैद्यकी शिकायला राहत. त्यांच्यातला वामन सगळ्यांत हुशार. तो शहरात गेला, त्यानं नाव काढलं. बाकीचेही आपापल्या वाटेनं गेले. आता गुरुजी एकटेच होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण कान असे की पान पडलं तरी ऐकू यावं. थंडीचे दिवस होते. घोंगडीतून हात काही ते बाहेर काढत नव्हते.

“पाटी आहे का अजून दारावर?”

“आहे.”

“काय लिहिलंयस तिच्यावर?”

“नाडीतज्ज्ञ.”

“रंग उडाला असेल आता.”

“गेल्या दिवाळीच्या आधी नवा दिला.”

“अरे वा,” गुरुजी म्हणाले.

वामनराव ओशाळले. मग त्यांनी भराभर सांगून टाकलं. ब्राह्मी घेऊन झाली होती. जटामांसी झाली होती. तळपायाला तूप चोळून झालं होतं. मोठ्या दवाखान्यात जाऊन बोटांच्या नसाही यंत्रावर तपासून घेतल्या होत्या. नसा उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते.

“एवढं सगळं केलं. आता तुमच्याकडे असेल एखादं औषध तर द्या.”

गुरुजींनी देवराईच्या बाजूला तोंड वळवलं.

“ओढ्यापलीकडचा हिरडा आठवतो तुला?”

“आठवतो की.”

“संध्याकाळी जा. त्याला आमंत्रण देऊन ये.”

आमंत्रण... वामनरावांनी तो शब्द कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. गुरुजींच्या घराण्याची ती रीत होती. औषध तोडायच्या आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं. बुंध्याशी अक्षता ठेवायच्या. हात जोडून सांगायचं, की अमक्यासाठी, अमक्या दुखण्यावर तू हवा आहेस, उद्या सकाळी न्यायला येतो. आणि सकाळी जाऊन लागेल तेवढंच घ्यायचं. शिकत होते तोवर वामनरावांनी ते नेमानं केलं. शहरात औषधं पोत्यांतून येत. पोत्याला कोण आमंत्रण देतो?

मग त्यांच्या एकदम लक्षात आलं.

“पण गुरुजी, तो हिरडा तर देवराईतला. तिथलं काही तोडत नाहीत. वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत.”

“नाहीच उचलत.”

“मग आमंत्रण कशाला?”

गुरुजींनी हनुवटीनं आत खूण केली.

“तांदूळ कोनाड्यात आहेत,” ते म्हणाले.

*

देवराईत शिरलं की उजेड निम्मा होई. वाळलेला पाला घोट्यापर्यंत येई. कुठेतरी शेकरू ओरडत होतं. शेंदूर फासलेल्या देवाच्या दगडांना वामनरावांनी चालता चालताच हात जोडले.

हिरडा तसाच होता. काळपट, भेगाळलेला बुंधा. खाली पिवळसर हिरडे पडले होते, कोणी न वेचलेले. वामनरावांनी अक्षता ठेवल्या, खणखणीत आवाजात मंत्र म्हटला आणि ते वळले. मग थांबले. एक हिरडा उचलून त्यांनी तळहातावर जोखला. चांगला वजनदार होता. असा माल शहरातल्या व्यापाऱ्याकडे डोळ्यांना दिसत नसे. हात आपसूक बंडीच्या खिशाकडे गेला. एक, आणखी एक, आणखी एक.

परत आले तेव्हा ठकूबाई पडवीत बसली होती. गुरुजींसाठी रोज भाकरी घेऊन येणारी ही गावातली बाई. तोंडानं फटकळ.

“काय वैद्यबुवा, झाडाशी बोलणं झालं का?”

“झालं.”

“काय म्हनलं?”

“झाडं काय म्हणणार?”

“मंग तुमी तरी काय म्हनला?”

गुरुजी मध्ये पडले. “मंत्र म्हटलास?”

“म्हटला. एक अक्षर चुकलं नाही.”

“कोणासाठी म्हणून सांगितलंस?”

“रोग्यासाठी.”

“कोणत्या?”

“मंत्रात तसंच आहे, गुरुजी. रोगी. नाव नाही.”

“मग त्या झाडाला कसं कळायचं?”

वामनराव पडवीची पायरी चढले. गुरुजींनी मान तिरकी केली.

“आणि खिशात काय वाजतंय?”

ठकूबाईनं तोंडावर पदर घेतला. “अगं बया. देवाचं उचलून आनलं काय?”

वामनरावांचा चेहरा कानापर्यंत तापला. पन्नाशी कधीच ओलांडलेली, पांढऱ्या मिशा, आणि लहान मुलासारखे हिरडे ओंजळीत घेऊन ते पुन्हा देवराईत गेले. ठेवून आले.

त्यांच्या पानात ठकूबाईनं भाकरी वाढली. गुरुजींनी आपली अर्धीच खाल्ली. उरलेली कावळ्यांसाठी कुंपणावर ठेवायला सांगितली.

“एवढीच?” वामनरावांनी विचारलं.

“आता हे असंच,” ठकूबाई म्हणाली आणि भांडी उचलून निघून गेली.

*

दुसऱ्या संध्याकाळी वामनराव तयारीनं गेले.

“आज नाव सांगितलंस?”

“सांगितलं. वैद्य वामन, गोत्र काश्यप, त्र्यंबकशास्त्र्यांचा शिष्य.”

“लग्नाला उभा होतास की काय? आणि दुखणं?”

“अनिद्रा. मनोदौर्बल्य. स्पर्शज्ञानाचा ऱ्हास.”

“हे कोणाला झालंय?”

“मला.”

“मला वाटलं, पुस्तकाला.”

वामनरावांचा संयम संपला.

“गुरुजी, झाडं ऐकत नाहीत.”

“...नसतील ऐकत.”

“मग?”

“तू तरी सांगितलंस कुठे?”

ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

“दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातानं परत आलो,” वामनराव शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “तोडायचं नाही त्या झाडाला आमंत्रण द्यायचं, हा कुठला उपचार? मी तुमच्याकडे शिष्य म्हणून आलेलो नाही, गुरुजी. रोगी म्हणून आलोय.”

“रोगी म्हणून आला असतास,” गुरुजी शांतपणे म्हणाले, “तर हात पुढे केला असतास.”

वामनरावांचा हात मांडीवर होता. त्यांनी तो मागे घेतला. का घेतला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

*

सकाळी त्यांनी पिशवी भरली.

“चाललास?” गुरुजी अंगणात उन्हाला बसले होते.

“रोगी वाट बघत असतील.”

“असतील. सांभाळून जा. उतारावर दव असतं.”

वामनराव वाकले. पायांना हात लावला. गुरुजी ‘राहा’ म्हणतील, असं त्यांना वाटलं होतं. ते म्हणाले नाहीत.

एसटीचा थांबा देवराईच्या पलीकडे, उतार संपतो तिथे होता. तिथे एक दगडी ओटा, वर सागाचं झाड. दुसरं कोणी नव्हतं. खालच्या वळणावर गाडी घाट चढत असल्याचा आवाज येऊ लागला.

वामनरावांनी सवयीनं घराची किल्ली चाचपली. खिशात किल्ली नव्हती.

त्यांनी बोटं आणखी खाली घातली. खिसा उसवलेला होता. गेल्या पावसाळ्यापासून तो तसाच होता. शिवायला घरात होतं कोण? उसवणीतून बोटं अस्तरात गेली. अस्तराच्या तळाशी किल्ली सापडली. आणि किल्लीला लागून आणखी काहीतरी कठीण, लांबट.

त्यांनी दोन्ही बाहेर काढली. एका हातात किल्ली, एका हातात हिरडा.

बाकीचे परत ठेवून आले, तेव्हा हा एक राहून गेला होता.

गाडी जवळ येत होती. हिरडा तिथेच सागाखाली टाकला असता तरी कोणाला कळणार होतं? आणि कळलं असतं तरी कोण काय म्हणणार होतं? वामनराव किल्लीकडे बघत राहिले. ही किल्ली रोज सकाळी तेच फिरवत आणि रोज संध्याकाळी तेच. मध्ये दार कोणी उघडत नसे.

ते उठले आणि देवराईकडे चालू लागले.

हिरड्याखाली त्यांनी ते फळ ठेवलं. परवाच्या-कालच्या अक्षता मुंग्यांनी कधीच नेल्या होत्या. आज त्यांच्याकडे तांदूळही नव्हते. मंत्र सुरू करायला त्यांनी तोंड उघडलं, आणि पहिला शब्दच सापडेना.

“मी वामन,” ते म्हणाले.

आवाज त्यांनाच परका वाटला. त्यांनी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं.

“मी वामन. हे... माझ्यासाठीच आहे.”

वर फांदीत काहीतरी सळसळलं. पुन्हा शांत झालं.

“कुमुद गेली,” ते म्हणाले. “तुला माहीत नसेल. ती कधी इथे आली नाही. आणीन आणीन म्हणत होतो.”

मग ते थांबले. पुढचं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. लांब दिलेल्या मुलीला नाही, दर रविवारी तिचा फोन येई तरी. भेटायला आलेल्यांना नाही. कोणाला सांगण्यासारखं ते वाटलंच नव्हतं.

“सकाळी चहाचा कप ठेवला की ती हात पुढे करायची. थट्टा होती आमची. म्हणायची, ‘बघा हो, आहे का अजून?’ मी बोटं ठेवायचो. म्हणायचो, ‘आहे.’ मग ती कामाला लागायची. रोज. लग्न झाल्यापासून.”

बुंध्याला टेकायला म्हणून त्यांनी हात लावला. साल थंड होती.

“शेवटच्या सकाळी मी दवाखान्यात तिच्यापाशीच होतो. तिच्या मनगटावर सलाइनची पट्टी होती. तिनं हात पुढे केला नाही. मीही मागितला नाही. वाटलं, पट्टी निघाली की बघू.”

...

“आता दिवसभर लोकांचे हात हातात घेतो. सकाळी मात्र चहा झाला की... बोटं तशीच राहतात. वाट बघत. मला काही झालेलं नाही रे. मला नुसतं... घरी कोणी नाही.”

खाली रस्त्यावर गाडी थांबली. हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. मग गाडी निघून गेली.

वामनराव बुंध्याला हात लावून उभे होते. रडू येत होतं, ते त्यांनी येऊ दिलं. किती वेळ गेला कोण जाणे. सालीच्या भेगेतून मुंग्यांची रांग वर चढत होती. वाटेत त्यांची बोटं आली. रांग क्षणभर थबकली आणि बोटांवरूनच पुढे निघाली. वामनरावांनी हात हलवला नाही. डोळे मिटून ते उभे राहिले. पहिल्या बोटावरून, मग मधल्या, मग तिसऱ्या... कोणत्या बोटावर मुंगी आहे, कोणत्या बोटावरून ती उतरली, त्यांना कळत होतं.

*

गुरुजी अंगणात त्याच जागी होते. ऊन मात्र सरकून त्यांच्या पायांपाशी गेलं होतं.

“एसटी गेली,” गुरुजी म्हणाले. “हॉर्न दोनदा वाजवला त्यानं.”

“ऐकला.”

“हिरडा राहिला होता का एखादा?”

“तुम्हाला कसं...”

“तू जाताना बंडीत वाजत होता.”

वामनराव त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. बोलावंसं काही वाटत नव्हतं, आणि न बोलण्याचं ओझंही वाटत नव्हतं. कुंपणावर कावळा कालची भाकरी टिपत होता.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय?”

वामनरावांनी आपला उजवा हात पुढे केला. तळवा वर, मनगट उघडं. लहानपणी पहिल्या दिवशी इथे आले होते तेव्हा केला होता, तसा.

गुरुजींना दिसत नव्हतं. पण त्यांना कळलं. घोंगडीतून त्यांचा हात बाहेर आला, चाचपत आला, आणि त्यांनी वामनरावांचं मनगट धरलं. नाडीवर बोटं ठेवली नाहीत. नुसतं धरलं.

बराच वेळ दोघे तसेच बसले.

मग वामनरावांची बोटं हळूच वळली. गुरुजींच्या मनगटावर गेली. वर्षानुवर्षांची सवय होती ती, मुद्दाम केलं नव्हतं. पहिलं बोट, मधलं, तिसरं.

गुरुजींनी हात काढून घेतला नाही.

आधी नुसते ठोके लागले. मग ठोक्यांच्या मागून काहीतरी हललं. पाण्याखालून पाणी हलावं तसं. वामनरावांनी श्वास रोखला. हो. लागत होती. बोलत होती. स्पष्ट, ओळखीची, इतक्या महिन्यांनी...

त्यांचा चेहरा उजळला. आणि मग ती काय बोलते आहे ते त्यांना कळलं.

नाडी थांबत होती. चालत होती, पुन्हा थांबत होती. उतारावर दमलेला माणूस बसत बसत खाली यावा तशी. गुरुजींनीच शिकवली होती ही चाल. ही लागली की औषध शोधायचं नाही, घरच्यांना बोलावून घ्यायचं.

हे दोन दिवस तो हात घोंगडीत का होता, तेही त्यांना कळलं.

“लागली?” गुरुजींनी विचारलं.

“...लागली.”

“काय म्हणते?”

वामनरावांना आम्लपित्त म्हणता आलं असतं. अशक्तपणा म्हणता आलं असतं. अंदाजानं काहीही.

“फार दिवस नाहीत, गुरुजी.”

“हं.” गुरुजींनी मान हलवली. शिष्यानं धडा बरोबर म्हटल्यावर हलवत, तशीच. “बोटं आली तुझी.”

“मी नाही जात आता. इथेच राहतो. काहीतरी असेल की, गुरुजी. पलीकडच्या रानात जाऊन शोधतो. कुठलंही झाड सांगा, कितीही लांबचं.”

“लांबचं नको. तोच हिरडा.”

“त्याचं काही तोडत नाहीत.”

“नाहीच तोडत. संध्याकाळी जा, आमंत्रण देऊन ये. नाव माझं सांग.”

वामनरावांनी डोळे पुसले. गुरुजींचं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

“आणि सकाळी?”

“सकाळी,” गुरुजी म्हणाले, “रिकाम्या हातानं ये. हा हात धरायला.”